ठमीचं आगर

हे मी लिहीत नाहीये, बोलतोय. सूनबाईने फोनमध्ये काहीतरी दाबून दिलंय, त्यामुळे मी बोलतो आणि फोन लिहितो. आमच्या आगरी बोलीत बोललो तर तो भलतंच काहीतरी लिहितो, म्हणून शाळेत मास्तरांसमोर बोलायचो तसं सांभाळून बोलतोय. माझं नाव दयाराम. जन्मभर ट्रक चालवला. वाचलं काय, तर मैलाचे दगड, नंबरप्लेटी आणि पुढच्या ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं. त्याहून लांबलचक काही हातात घेतलं की मला जांभया येतात. तरीही आज एका कादंबरीविषयी सांगणार आहे, कारण ती मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. फक्त शेवट सोडून.

वाचणारी माझी बायको, ठमी. ती काहीही वाचते. हॉटेलात भजी आली की आधी भज्यांखालचा कागद वाचते आणि मग मला म्हणते, "अवो, थांबा, तेल लागायच्या आधी एवढं वाचू द्या." भजी गार होतात. मी चिडतो. चाळीस वर्षं हेच चाललंय आणि आमच्यापैकी कुणीच सुधारलेलं नाही.

आमची गावं पेणच्या खाडीकाठची. तिथे भातापेक्षा मिठावर पोट. तुम्ही मिठागर म्हणता, आम्ही एवढं लांब बोलत नाही, नुसतं आगर म्हणतो. ठमीचा बाप आगरावरचा. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि ती बापाला भाकरी पोचवायला जायला लागली. आगरावर मिठाच्या गोणींचा हिशेब ठेवणारा एक कारकून बसायचा. त्याचं टेबल डुगडुगायचं, म्हणून त्याने एका पायाखाली पुस्तक घातलं होतं. जाड होत होतं म्हणून पुढचं पुठ्ठ्याचं पान आणि आणखी थोडी पानं त्याने फाडून टाकली. मागची पानं बोंबील बांधण्यात संपली. उरलेलं मधलं पुस्तक ठमीने टेबलाखालून ओढलं आणि जागी फळकुटाचा तुकडा सरकवला. कारकुनाला पत्ता लागला नाही. टेबल मात्र पहिल्यांदाच सरळ उभं राहिलं.

त्या पुस्तकाला नाव नव्हतं, लेखक नव्हता, सुरुवात नव्हती, शेवट नव्हता. पण त्यात आगर होतं. राही नावाची पोरगी होती, तिच्या बापाचं आगर होतं, आगरात पाणी सोडायचं काम होतं, आगराची राखण होती, यंदा पीक बरं आलं नाही म्हणून घरात कुरकुर होती. ठमी सांगते, पहिल्या पानावर आगर हा शब्द वाचला आणि तिला कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं. शाळेच्या पुस्तकांत शेतकरी असायचा, सैनिक असायचा, राजे तर रग्गड असायचे. आगरावरचं माणूस छापलेलं तिने तोवर कुठेच बघितलं नव्हतं.

गोष्ट साधी आहे. राहीचं लग्न तिला न विचारता ठरवतात. लग्नाच्या सकाळी ती घरातून निघते आणि आगरात लपते. सगळं घर तिला शोधायला आगरात शिरतं, काका, मामा, नवरदेवाकडचे, सगळे. आणि तिथे पानं संपतात.

आता तुम्ही मिठागर बघितलं असेल तर तुम्हाला प्रश्न पडेल, तिथे लपणार कुठे? झाड नाही, झुडूप नाही. इथून तिथपर्यंत सपाट, पांढरं. माणूस सोडा, बगळा बसला तरी दिसतो. ठमीलाही हा प्रश्न पडला. ती काही माझ्यासारखी प्रश्न पडला की कूस बदलणारी नाही. तिने भर दुपारी आगराच्या मधोमध जाऊन बसून बघितलं. बाप बांधावर आला, कपाळावर हात धरला, हाका मारल्या आणि घरी निघून गेला. त्याला ती दिसलीच नाही. दुपारचं ऊन मिठावर पडलं की डोळे उघडे ठेवता येत नाहीत, हे आम्ही सगळे जाणतो. पण त्याचा असा उपयोग करावा हे फक्त ठमीला सुचलं. म्हणजे तिच्या मते राहीला सुचलं. ठमीने तिच्याकडून घेतलं.

त्याच आगरावर मी मीठ भरायला ट्रक घेऊन जायचो. लग्न जमलं. ठमीची एकच अट होती, घरात बसणार नाही, ट्रकमध्ये बसणार. माझ्या बापाने दोन दिवस तोंड फिरवून जेवण केलं. आमच्यात तेव्हा बाई ट्रकच्या केबिनमध्ये बसत नसे. वडखळ नाक्यावर लोक चहा सोडून बघायला यायचे, दयारामची बायको केबिनमध्ये बसून पुस्तक वाचते म्हणून. मीच लाजलो आणि म्हणालो, "ठमे, तुझ्या बाजूला पडदा लावतो."

"पडदा कशाला?" ती म्हणाली. "लपाया गेलं की लोक शोधतात. भर उजेडात बसायचं. मंग डोलं त्यांचंच दिपतात."

"हे कुनी सांगितलं तुला?"

"राहीनं."

आणि खरं सांगतो, महिन्याभरात लोकांचा बघून कंटाळा आला. नंतर तर नाक्यावरचा पानवाला तिच्यासाठी जुने दिवाळी अंक ठेवायला लागला.

आम्ही फिरलो मात्र रग्गड. राजकोट, इंदूर, नागपूर, हुबळी. आमचा मुलगा निकेत लहान होता तेव्हा काही वर्षं ती घरी होती, पुढे तो आजीकडे रमला आणि ही पुन्हा माझ्या डावीकडे येऊन बसली. ज्या गावाचं भाडं त्या गावचं पुस्तक, असा तिचा शिरस्ता. कुठल्याशा कादंबरीत नदीवरच्या देवळामागून चंद्र उगवतो असं लिहिलं होतं. त्या गावातून जाताना हिने मला ट्रक थांबवायला लावला. चंद्र उगवला पेट्रोल पंपामागून. देवळाकडे काळोख. मला वाटलं ही हिरमुसणार, तर ही खूश. "लेखक इथं आलाच न्हाय," म्हणाली आणि इंदूरपर्यंत हसत होती. पुस्तकाची लबाडी पकडली की तिला फार आनंद व्हायचा. फक्त एका पुस्तकाची ती कधी तपासणी करत नसे.

त्याही पुस्तकात खोटी वाटावी अशी जागा होतीच. एका पानावर लिहिलंय, राही आगरात शिरली आणि तिला गार वाटलं. मी म्हणालो, आगरात आणि गार? ठमी म्हणाली, छापखान्याची चूक, गरम असेल. एका ठिकाणी आगरात सुपारी पडलेली असते. ती म्हणाली, काकाच्या चंचीतून पडली असेल. झावळ्यांचा ढीग असतो. ते तर बरोबरच होतं, पावसाआधी मिठाच्या राशी आम्ही झावळ्यांनी शाकारायचो. असं सगळं ती बसवून घ्यायची. मला अडचण वेगळीच होती. मी विचारायचो, "ऊन उतरल्यावर कं? सांजच्याला तर ती दिसंलच." ठमी म्हणायची, "ते शेवटाला असंल. पुस्तक गावलं की सांगते."

स्वतःच्या मनाने शेवट सांग म्हटलं तर चिडायची. दुसऱ्याच्या गोष्टीला आपली शेपटी लावायची नाही, म्हणायची. तिने पुढे शेकड्यांनी पुस्तकं वाचली. त्यांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते, सावकार, तमासगीर, चोर, सगळे होते. आमचं माणूस आलंच तर मिठाची पाटी घेऊन दारात यायचं आणि दोन ओळींत निघून जायचं. "आपल्यावर एकच हाय," ती म्हणायची, "पण हाय." हे म्हणताना तिचा चेहरा असा व्हायचा की मी ट्रकचा वेग कमी करायचो.

त्या पुस्तकात एक सुगावा होता. राहीच्या घरचे बाजाराला म्हसळ्याला जातात. म्हणजे आगर म्हसळ्याजवळ कुठेतरी. मला त्या बाजूचं भाडं कधी मिळालं नाही, आणि गंमत म्हणजे ठमीनेही हट्ट धरला नाही. इतर गावं ती जाता जाता बघायची. हे तिला निवांत बघायचं होतं.

आता धंदा निकेत बघतो. माझा ट्रक गेला, आता दारात छोटी गाडी आहे, तिच्या गियरमध्ये काही दमच नाही. गेल्या हिवाळ्यात निकेत म्हणाला, बाबा, आईला घेऊन दोन दिवस फिरून या, दिवेआगरच्या बाजूला चांगली घरं भाड्याने मिळतात. त्याने फोन पुढे केला. ठमीने चष्मा सारखा केला आणि ती थांबली. जाहिरातीत लिहिलं होतं: 'या, आगरात राहा.' खाली गाव, तालुका श्रीवर्धन, म्हसळ्याहून जवळ.

"अवो," ती म्हणाली, "आगरात राहाया मिलतंय."

मी हसलो. आम्ही ज्या उन्हातून पळायला बघायचो तिथे आता लोक सुट्टीला जातात. पण शहरातले लोक कशात राहतील सांगता येत नाही, कंटेनरमध्येसुद्धा राहतात. निकेतने खोलीचे फोटो दाखवले, त्यात पलंग आणि पंखा होता. आगराचा फोटो बघायला ठमी तयार नव्हती. तिने सामान बांधलं: दोन छत्र्या, काळे चष्मे, डोक्याला बांधायचे जुने पंचे, पाय चिरले तर लावायला खोबरेल. माझ्यासाठी पांढरा सदरा. आणि पिशवीत सगळ्यात वर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते मधलं पुस्तक.

शनिवार होता, त्यामुळे अलिबागमध्ये मुंबईकरांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. एकाने मला उजवीकडून हॉर्न दिला, डावीकडून दिला, आणखी एखादी बाजू असती तर तिथूनही दिला असता. ठमी काही बघत नव्हती. रेवदंडा गेलं, मुरूड गेलं. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवली तेव्हा ती खाली उतरून कठड्याला जाऊन उभी राहिली. "आगरदांडा, दिवेआगर," ती म्हणाली. "नावातच हाय बघा. उगाच कशाला नाव ठेवतील?" मीही मान हलवली. मला तेव्हा पटलंच होतं.

दिघीला उतरून पुढे निघालो आणि झाडी वाढत गेली. मी म्हणालो, खाडी मागे राहिली. ती म्हणाली, पुढे असेल दुसरी. मग एका लाल मातीच्या वळणावर पाटी आली, तीच जाहिरातीतली, आणि आत वळलो तर भर दुपारी गाडीचे दिवे लावावेत असा काळोख.

घरमालकीण दारात उभी होती. कोकिळाबाई. म्हसळ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, अंगाने बारीक, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "या दादा, या ताई," त्या म्हणाल्या, "वाट सापडली ना?" ठमीने नमस्कार केला आणि डोक्याला पंचा बांधत विचारलं, "आगर कुठल्या अंगाला?"

"हे काय," कोकिळाबाई म्हणाल्या.

"ह्ये घर झालं. आगर?"

"हेच आगर, ताई. तुम्ही आगरातच उभ्या आहात."

ठमीने वर बघितलं. वर सुपारीच्या झाडांचे शेंडे एकमेकांना लागलेले, त्यातून ऊन चिल्लर सांडल्यासारखं खाली पडलेलं. माडांच्या बुंध्यांना मिरीचे वेल. मधून पाट वाहत होता. आमच्या पेण-अलिबागेकडे अशा नारळ-सुपारीच्या बागेला वाडी म्हणतात, हे मला माहीत होतं. पण इकडे वाडीला आगर म्हणतात, हे साठी उलटून गेली तरी मला कुणी सांगितलं नव्हतं.

"पानी सोडता?" ठमीने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"हो, पाटाने. रोज शिंपण असतं."

"पीक?"

"सुपारी, नारळ. यंदा सुपारी जरा कमीच आहे."

"राखन?"

"ठेवावी लागते. वांदर येतात ना."

ठमी पाटाच्या कडेला खाली बसली. मला आधी वाटलं, प्रवासाने चक्कर आली. मग तिने जमिनीवर हात ठेवला. "गार हाय," ती म्हणाली. "छापखान्याची चूक नव्हती."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं. कोकिळाबाई पाणी घेऊन आल्या. त्यांना काय झालं ते कळेना, म्हणून मीच सांगायला लागलो, की एक पुस्तक आहे, त्यात राही नावाची पोरगी आहे. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही.

"'पोफळीखाली' ना ते!" त्या म्हणाल्या. "अहो, आमच्या भागातलं पुस्तक ते. माझ्या वडिलांनी आणलं होतं." आणि आत जाऊन त्या घेऊनही आल्या. आख्खं. पुठ्ठ्याच्या पानावर हिरवीगार पोफळीची, म्हणजे सुपारीची, झाडं आणि त्यांच्यामधून डोकावणारी नऊवारीतली मुलगी. ते एक पान कारकुनाने फाडलं नसतं तर ठमीला पहिल्या दिवशीच सगळं कळलं असतं.

चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते पुस्तक समोर आलं, आणि ठमीने त्याला हात लावला नाही. "तुमचंच हाय मंग," ती कोकिळाबाईंना म्हणाली. एवढंच.

त्या दिवशी तिने जेवताना घावन मोडलं आणि नारळाच्या रसात बुडवून तसंच ठेवलं. माझ्या भज्यांखाली कागद होता, तिने तो वाचला नाही. मी मुद्दाम तिच्यासमोर सरकवला, तरी नाही. मला त्या पुस्तकाचा इतका राग आला की विचारू नका. माणसाने एक गोष्ट जन्मभर जपावी, त्या गोष्टीच्या जोरावर नाक्यावरच्या शंभर डोळ्यांसमोर ताठ बसावं, आणि नंतर कळावं की ती आपल्याविषयी नव्हतीच. मी म्हणालो, "ठमे, एका शब्दाचा घोटाला, दुसरं कं?" ती म्हणाली, "शब्द एकच तर होता आपला त्याच्यात." मी इंजिनं दुरुस्त केली आहेत, भर पावसात टायर बदलले आहेत, पण हे कुठून उघडायचं ते मला कळेना.

कोकिळाबाई शहाण्या बाई. त्यांनी सांत्वन केलं नाही. आमच्या मिठागराचं मी त्यांना जेवताना सांगितलं होतं. ताट आवरता आवरता त्यांनी विचारलं, "पण ताई, तुमच्या आगरात झाड नाही म्हणता. मग तुमची राही लपली कुठे?"

ठमीने सांगायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं, पण गोष्टीविषयी कुणी विचारलं की तिला राहवत नाही. तिने सांगितलं. पांढरं मीठ, दुपारचं ऊन, बांधावर कपाळाला हात लावून उभे राहिलेले काका नि मामा, आणि मधोमध उघड्यावर बसलेली राही. कोकिळाबाई हातातलं ताट तसंच धरून उभ्या राहिल्या.

"असं नाहीये हो पुस्तकात," त्या शेवटी म्हणाल्या.

"म्हाईत हाय आता."

"नाही, म्हणजे..." त्यांनी ताट आत नेलं. पुस्तक मात्र ठमीच्या उशाशी ठेवून गेल्या.

सकाळी मी उठलो तर खोलीत ठमी नव्हती, पुस्तकही नव्हतं. आगरात शोधलं. झाडाआड झाड, सगळीकडे सारखंच, दोनदा पाटात पाय गेला. शेवटी बाहेर पडून समुद्रावर गेलो. वाळूत, छत्री मिटून शेजारी ठेवून, भर उन्हात ती बसली होती. मांडीवर पुस्तक, शेवटची पानं उघडलेली. "त्या झाडीत अक्षर दिसत न्हाय," ती म्हणाली. मी शेजारी बसलो आणि गप्प राहिलो. ती वाचत असताना गप्प कसं बसायचं ते मला ट्रकमध्ये शिकावं लागलं होतं.

तिने शेवटचं पान उलटलं, मागे काही आहे का बघितलं. काही नव्हतं. पुस्तक मिटलं.

"गावली?" मी विचारलं.

"गावली. दोन पानांत गावली. झाडाआडून पदर दिसला मामाला."

"मंग?"

"मंग कं? घरी नेली. आई रडली, हिनं पाया पडून माफी मागितली, बोहल्यावर उभी ऱ्हायली. शेवटाला सासरी बसून सुपाऱ्या सोलते नि तिला वाटतं, झालं ते बरं झालं." ठमीने पुस्तकावरची वाळू झटकली, जरा जोरातच. "एवढ्यासाठी मी ह्याची वाट बघितली."

मी कोकिळाबाईंच्या पुस्तकाला चार शिव्या घातल्या. फोन त्या लिहीत नाही, बरंच आहे. ठमी समुद्राकडे बघत होती. मला धास्ती होती की ती आता रडणार, आणि ती रडली की माझं काही खरं नसतं. पण ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तोच पेट्रोल पंपावरचा चंद्र पकडल्याचा आनंद हळूहळू चढत होता.

"आमची नसती गावली," ती म्हणाली.

"नसतीच."

"ही बाई आडोशाला गेली, तिथंच चुकली. आमचीला आडोसाच नव्हता ना. तिला डोस्कं चालवावं लागलं." ती थांबली. "अवो, पन हे मग राहीनं न्हाय सांगितलं मला."

"न्हाय."

"मंग कुनी?"

मी तिच्याकडे नुसतं बघितलं. लाटा येत होत्या, पलीकडे कुणी पर्यटक वाळूत गाडी अडकवून चाक जागच्या जागी फिरवत होता, एरवी मी धावत जाऊन त्याला अक्कल शिकवली असती. पण मला माझा जुना प्रश्न विचारायचा होता. पुस्तक मिळालं होतं, आणि त्याने उत्तर दिलं नव्हतं. आता दुसऱ्याच्या गोष्टीला शेपटी लावायचा प्रश्न उरला नव्हता.

"ठमे," मी म्हणालो, "ऊन उतरल्यावर कं झालं? सांजच्याला तर ती दिसली असंल."

"दिसू दे की," ती म्हणाली. "तवर तिचं वाचून झालेलं."

"वाचून? राही वाचत होती?"

"ती कशाला वाचंल. सुपाऱ्या सोलनारी ती. आमची वाचत होती. घरात कुठं वाचू द्यायचे? म्हणून तर जाऊन बसायची उन्हात."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं तिने स्वतःलाही तोवर सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "बरं, वाचून झालं. सांज झाली. सगले बांधावर उभे. मंग?"

ठमीने छत्री उचलली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली, साडीवरची वाळू झाडली.

"मंग कं?" ती म्हणाली. "ट्रक आला."

पुस्तकाच्या काळी त्या बाजूला ट्रक नव्हते, एवढं मलाही कळतं. पण ही लबाडी मी पकडायला गेलो नाही. जन्मात पहिल्यांदा मी एका कादंबरीत बसलो होतो, आणि मला तिथून उतरायचं नव्हतं.